हळूसरांचा उजवा पाय

ज्या दिवशी हळूसरांनी आपल्या बायकोचं अगदी तोंडभरून कौतुक केलं, त्या दिवशी ती आपली बायको आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

बाजारामागच्या मोकळ्या रस्त्यावर ते एका नव्या विद्यार्थ्याला गाडी मागे घेऊन दोन गाड्यांच्या मधे लावायला शिकवत होते. विद्यार्थी म्हणजे चांगले पन्नाशीचे बेकरीवाले. तीनदा प्रयत्न झाला होता आणि तिन्ही वेळा मागचं चाक फुटपाथवर चढून बसलं होतं. बेकरीवाल्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तेवढ्यात पलीकडे दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलची निळी गाडी आली, क्षणभर थांबली, आणि मांजर खोक्यात शिरावं तशी अंग चोरून, एका दमात, बरोब्बर मागे जाऊन जागेत बसली.

"बघा!" सर खूश होऊन म्हणाले. "आरसा, मान, आरसा. घाई नाही, घाबरणं नाही. त्या बाईंना कोणी शिकवलंय ते सोडा, पण बाई जात्याच हुशार आहेत. असा हात हजारात एखाद्याचा."

"मग मी तिकडेच नाव घालायला हवं होतं," बेकरीवाले पुटपुटले.

निळ्या गाडीचं दार उघडलं आणि बाई उतरल्या. गळ्यात पिवळा स्कार्फ. तो स्कार्फ सरांनी सकाळीच दोरीवरून काढून, घडी घालून, कपाटात ठेवला होता.

सरांचा उजवा पाय खाडकन ब्रेकवर आदळला. गाडी तेव्हा बंद होती.

आता सरांबद्दल थोडं सांगायला हवं. गावातल्या निम्म्या लोकांना गाडी त्यांनी शिकवली होती. सव्वीस वर्षं ते चालकाच्या शेजारच्या सीटवर बसत होते आणि त्यांच्या पायाशी आणखी एक ब्रेक होता. शिकवायच्या गाडीत असा दुसरा ब्रेक असतोच, शिकणारा गडबडला तर शिकवणाऱ्याने दाबायला. सर तो सढळ पायाने दाबत. शिवाय तोंडाने "हळू… हळू… आणखी हळू" चालूच असे. त्यावरून कोणा विद्यार्थ्याने त्यांचं नाव हळूसर पाडलं आणि ते असं चिकटलं की टपालवाल्याने एकदा पाकिटावरचं खरं नाव वाचून "इथे असे कोणी राहतात का?" म्हणून त्यांनाच विचारलं.

विद्यार्थ्यांची नावं सरांच्या लक्षात राहत नसत, नंबर राहत. प्रत्येकाचं एक पिवळं कार्ड असे. त्यावर नंबर, आणि खाली क्लच, गिअर, आरसा, चढ, मागे घेणं असे रकाने. निळ्या गाडीचं स्कूल चालवणारी तरुणी म्हणजे त्यांचीच अठराशे बारा नंबरची विद्यार्थिनी. ती चार वर्षांपूर्वी समोरच्या फुटपाथला पाटी लावून बसली तेव्हा सर दिलदारपणे म्हणाले होते, "चांगलं आहे, रस्ता मोठा आहे." पण अठराशे बाराने गुरूचीच बायको शिकायला घ्यावी, हे जरा अतीच झालं.

"अतीच काय त्यात?" बायको संध्याकाळी शांतपणे म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात होती. समोरच्याच्या चेहऱ्याकडे नीट बघून त्याला कुठली फ्रेम शोभेल हे सांगायचं तिचं काम, त्यामुळे ती कोणाकडेही बघे ते तसंच, डोकं जरासं कलतं करून. "तुम्ही शिकवलं होतंत की मला. चौदा वर्षांपूर्वी. अकरा मिनिटं."

"अकरा मिनिटांत तूच उतरलीस."

"नऊ वेळा ब्रेक दाबलात. नववा तर मी बेल्ट लावत असताना."

हे खरं होतं. ती तेव्हा भाजीच्या पिशवीसकट उतरून चालत घरी आली होती आणि पुन्हा कधी गाडीचं नाव काढलं नव्हतं. पण आता गोष्ट वेगळी होती. दुकानाच्या मालकांनी तीस किलोमीटरवरच्या गावात नवी शाखा काढायचं ठरवलं होतं आणि ती चालवायला तिला निवडलं होतं. सोळा वर्षांच्या नोकरीचं चीज झालं होतं. शाखेसाठी एक छोटी पांढरी गाडीही घेतली होती. जायला दोन बस बदलाव्या लागत, नाहीतर हायवेने गाडी.

"हायवे!" सर म्हणाले. "तू? अगं, तिथे ट्रक असतात. थांब, जरा विचार करू."

"तो झालाय करून," बायको म्हणाली आणि पर्समधून एक किल्ली काढून दाराजवळच्या खुंटीवर अडकवली, सरांच्या गाडीच्या किल्लीशेजारी. "शाखेच्या वर एक खोली आहे, तिची ही किल्ली. मालक म्हणाले, हवी तर राहा. सहा आठवड्यांनी शाखा उघडेल. मी तिथेच राहीन म्हणते, सोमवार ते शुक्रवार."

"अगं पण तू गाडी शिकलीस ना? मग रोज येता येईल की."

"येता येईल," ती म्हणाली. "पण येऊन ऐकायचं काय? हळू?"

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानंतर रोज सकाळी गाडीची किल्ली काढताना ती दुसरी किल्ली किणकिणायची आणि सर ती मुठीत धरून गप्प करायचे.

घरात दोन आठवडे सगळं अगदी सभ्य चाललं होतं. "मीठ देता का?" "घे ना." "उद्या नळाला पाणी नाही." "बरं." शेवटी कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेल्या लेकीने हात टेकले. "तुमच्यापेक्षा हॉटेलातले अनोळखी लोक जास्त बोलतात एकमेकांशी," ती म्हणाली. "औषधाच्या दुकानावर एक समुपदेशक बसतात. मी वेळ घेतलीय. शनिवारी, पाच वाजता, दोघांची."

"आम्हाला काय वेड लागलंय?" सर म्हणाले.

"बाबा, गाडी शिकायला येणाऱ्यांना काय झालेलं असतं?"

"काही नाही. त्यांना गाडी येत नसते."

"हां. मग तसंच."

बायको म्हणाली, "मी जाईन." मग सरांनाही जावंच लागलं. शाखा उघडायला चार आठवडे उरले होते.

औषधाच्या दुकानाशेजारून अरुंद जिना वर जात होता. वर एक काचेचं दार, एक रबराचं झाड, आणि आत साधी खोली. एक सोफा, एक खुर्ची, पाण्याचा जग, कागदी रुमालांचा डबा, सोफ्यापुढे जाडसर निळा गालिचा. समुपदेशक बाई चाळिशीच्या होत्या, पायात साध्या चपला, आवाज मऊ. घड्याळ भिंतीवर सोफ्याच्या मागे होतं, म्हणजे ते त्यांनाच दिसे. बोलता बोलता त्या मान न हलवता नुसते डोळे उचलून वेळ बघत. सरांच्या ते पहिल्या पाच मिनिटांत ध्यानात आलं आणि बाईंबद्दल त्यांचं मत एकदम सुधारलं. आरसा असाच बघायचा असतो.

"इथे बोललेलं इथेच राहील," बाई म्हणाल्या. "आणि कोण बरोबर, कोण चूक याचा निकाल मी देणार नाही."

"मग तुम्ही करता काय?" सरांनी भाबडेपणाने विचारलं. "म्हणजे आमच्यात बघा, मी शेजारी बसतो, माझ्याकडे ब्रेक असतो."

"मीही शेजारीच बसते."

"आणि ब्रेक?"

"आहे. क्वचित दाबते."

बायको खुदकन हसली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. सरांना बरंही वाटलं आणि थोडा रागही आला, कारण हसवलं दुसऱ्याच बाईने होतं.

बाईंनी एक साधा नियम घातला. एकाने पाच मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. मग ऐकणाऱ्याने आधी काय ऐकलं ते सांगायचं, आणि ते बरोबर आहे असं बोलणारा म्हणाला तरच स्वतःचं म्हणणं मांडायचं. ऐकायला अगदी सोपं. बायको शाखेबद्दल बोलली, आणि सरांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "तिचं म्हणणं असं की हायवेवर ट्रक असतात."

"ट्रकचं नावसुद्धा नाही काढलं मी!"

"पण असतात ना?"

घरी करायला म्हणून बाईंनी हेच दिलं. रोज संध्याकाळी दहा मिनिटं, ठरलेल्या वेळी. आणि पुढच्या शनिवारी हळूसरांनी असा एक घोळ घातला की तो दुसरा कोणी घालूच शकला नसता. बाईंनी "कसा गेला आठवडा?" असं विचारताच त्यांनी खिशातून एक पिवळं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. वर नीटनेटक्या अक्षरात बायकोचं नाव, नंबराच्या जागी 'घरचा', आणि खाली रकाने. मुद्द्यावर येणं: सुधारणा हवी. आवाज: ठीक. जुन्या गोष्टी उकरणं: वारंवार. दहा मिनिटांची वेळ पाळणं: उत्तम.

बायकोने कार्ड उचललं, डोकं कलतं करून वाचलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. बाईंनी चटकन रुमालांचा डबा पुढे केला. पण ती रडत नव्हती. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं.

"वेळ पाळणं उत्तम!" ती धापा टाकत म्हणाली. "निदान एकात तरी पास झाले हो मी!"

"थट्टा नाही," सर गोरेमोरे होऊन म्हणाले. "कार्ड भरल्याशिवाय सुधारणा कळत नाही."

"आणि तुमचं कार्ड?" बाईंनी विचारलं.

सव्वीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

"द्या एक कोरं," बायको म्हणाली. तिने तिथल्या तिथे लिहिलं, पण दाखवलं नाही. घडी करून पर्समध्ये टाकलं. "भरून झालं की देईन."

तिसऱ्या शनिवारी बायकोने त्या जुन्या अकरा मिनिटांबद्दल सांगितलं. गाडी शिकायची म्हणून ती आदल्या आठवडाभर किती खूश होती, दुकानात सगळ्यांना कसं सांगून आली होती, मित्रमैत्रिणींना गाडीतून आणायला स्वतः जायची स्वप्नं कशी बघितली होती. "पहिल्या ब्रेकला वाटलं, माझं चुकलं. दुसऱ्यालाही. पाचव्यानंतर वाटलं, मी काहीही केलं तरी ते चूकच असणार. आणि मग ते गाडीपुरतं राहिलं नाही. मी मैत्रिणींबरोबर सहलीला जाते म्हटलं, तर थांब. केस कापते म्हटलं, तर जरा विचार कर. हळूहळू मी तुम्हाला काही सांगणंच…"

"क्षमा करा," बाई मधेच म्हणाल्या. त्यांनी मधे बोलण्याची ही पहिलीच वेळ. "सर, तुमचा उजवा पाय आत्ता काय करतोय?"

सरांनी खाली बघितलं. पाय ताठ पुढे गेला होता आणि टाचेसकट गालिच्यावर रुतला होता. गालिच्याला चांगल्या चार-पाच चुण्या पडल्या होत्या. दर शनिवारी उठताना त्यांना त्या चुण्या दिसायच्या आणि ते मनाशी म्हणायचे, सोफा सरकतोय वाटतं, बाईंना सांगायला हवं.

"अगंबाई," बायको हळूच म्हणाली. "जेवणाच्या टेबलाखाली तुमच्या जागी फरशीला चट्टा पडलाय. मला वाटायचं टेबलाचा पाय घासतो."

सर आपल्या पायाकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्या कोणाचा तरी आपल्या चपलेत येऊन बसला आहे.

बाईंनी विचारलं, एकदा एकटे याल का? सर बुधवारी एकटेच गेले. जाताना घरी सांगितलं की टायर बघायला चाललोय. मग जिन्यातून परत खाली येऊन फोन केला. "टायर नाही. बाईंकडे चाललोय."

"माहीत आहे," बायको म्हणाली. "टायर तुम्ही महिन्यापूर्वीच बदललेत."

"हा पाय कधीपासून?" बाईंनी विचारलं आणि गप्प बसल्या. सरांनी इकडचं तिकडचं सांगून बघितलं. पावसातले रस्ते, आजकालची मुलं, मोबाईल. बाई नुसत्या ऐकत राहिल्या. इतकं गप्प बसलेलं माणूस समोर असलं की आतलं आपोआप वर येतं.

नोकरीचं पाचवं वर्ष. नंबर चारशे अकरा गाडी चालवत होता. गल्लीतून सायकलवरून एक शाळकरी मुलगी आली. सरांनी ब्रेक दाबला, पण अर्धा सेकंद उशिरा. मुलीच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. दोन महिन्यांत ती ठणठणीत झाली. आज ती दोन मुलांची आई आहे, रस्त्यात दिसली तर हात करते. हे सगळं गावाला माहीत होतं, बायकोलाही माहीत होतं. जे कोणालाच माहीत नव्हतं ते सरांनी आता सांगितलं.

"मी रस्त्याकडे बघत नव्हतो. कार्ड भरत होतो. चारशे अकराचं. गिअरचा रकाना."

बाईंनी "जाऊ द्या" म्हटलं नाही, "तुमची चूक नव्हती" असंही नाही. त्यांनी पाणी दिलं. सर पाणी प्यायले, डोळे पुसले, पुन्हा पाणी प्यायले. मग बाई म्हणाल्या, "त्यानंतर किती जण शिकले तुमच्याकडे?"

"दोन हजार सातशेच्या वर."

"आणि अपघात?"

"एकही नाही. माझ्या गाडीत नाही."

"म्हणजे त्या पायाने मोठंच काम केलंय," बाई म्हणाल्या. "फक्त गाडीतून उतरल्यावर त्याची पाळी संपते, हे त्याला सांगायचं राहून गेलं."

त्या संध्याकाळच्या दहा मिनिटांत सर बोलले. बायकोने ऐकलं, आणि नियमाप्रमाणे आधी ऐकलेलं सांगायचं ते तिला सांगताच येईना. शेवटी ती एवढंच म्हणाली, "एकवीस वर्षं हे एकट्याने पोटात घेऊन बसलात? मला सांगायचं नाही होय?"

"तू म्हणाली असतीस, बघा, तुमचंच चुकलं."

"म्हटलं असतं," बायकोने कबूल केलं. "आणि मग चहा केला असता."

तरी कोणाला वाटेल की एवढं झालं म्हणजे सर एकदम सुधारले, तर तसं काही नाही. उलट आता पाय दिसत असल्यामुळे त्यांची पंचाईत झाली. बायको बोलायला लागली की त्यांचं सगळं लक्ष पायाकडे. "पाय बघू नका, मला बघा," ती म्हणायची. त्यांनी पायाखाली उशी घेऊन बघितली, स्टुलावर पाय ठेवून बघितले, एकदा तर पाय बादलीतल्या पाण्यात सोडून बसले आणि खोलीभर पाणी केलं. बाईंना फोन करून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय सुचतंय?" सरांना हे अगदीच कामचुकारपणाचं वाटलं. विद्यार्थ्याने विचारलं की शिक्षकाने सांगायला नको?

मग एके दिवशी त्यांना आपसूकच सापडलं. सोफ्यावर चक्क मांडी घातली. दोन्ही पाय एकमेकांखाली दाबले गेले, ब्रेकवर जायला जागाच नाही. त्या संध्याकाळी बायकोने नव्या शाखेतल्या फ्रेम लावायच्या कपाटाबद्दल सांगितलं, आणि सरांनी ते सगळं, आरशाच्या उंचीसकट, जसंच्या तसं परत सांगितलं. बायको त्यांच्याकडे बघतच राहिली.

चौथ्या शनिवारी बाईंनी लेकीलाही बोलावलं. ती सोफ्यावर मधे बसली, सर एका टोकाला मांडी घालून. बाईंनी एकदा त्या मांडीकडे बघितलं, पण काही बोलल्या नाहीत.

"मला एक सांगायचंय," लेक म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "गेल्या वर्षी मी सहा महिने कॉलेजच्या समुपदेशकांकडे जात होते. परीक्षेच्या हॉलमधे माझे हात थरथरायचे. पेन धरता यायचं नाही. त्यांनी मला श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं, आणि बरंच काही. आता नाही होत. म्हणूनच तुम्हाला इथे आणलं."

"मला का नाही सांगितलंस?" सर म्हणाले.

"कारण तू म्हणाला असतास, थांब एक वर्ष, परीक्षा पुढच्या वर्षी दे."

"थांब, मी असं कधी…"

'थांब' तोंडातून निघून गेलं होतं. लेकीला हसू फुटलं, बायकोला फुटलं, आणि समुपदेशक बाईंनीसुद्धा वहीआड तोंड लपवलं. सर आधी ओशाळले, मग तेही हसले. हसणं ओसरल्यावर त्यांनी मांडी जरा घट्ट केली आणि नियमाप्रमाणे सांगितलं, "तुझे हात थरथरायचे. आणि ते मला सांगायची तुला भीती वाटली." तिथे ते थांबले. पुढे ना सल्ला, ना सूचना.

"बरोबर," लेक म्हणाली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

बायकोची टेस्ट त्याच आठवड्यात होती. सरांनी मुद्दाम त्याच वेळेला बेकरीवाल्यांचा तास ठेवला, म्हणजे तिकडे जाऊन घुटमळायला नको. गाडीत बसल्यावर त्यांचं मन मात्र टेस्टच्या मैदानावरच होतं. आता चढ असेल. आता मागे घ्यायला सांगितलं असेल. किती वेळ गेला कळलं नाही. एकदम बेकरीवाल्यांचा आवाज आला, "सर! बसली!"

"कोण बसली?"

"गाडी! दोन गाड्यांच्या मधे! पहिल्या झटक्यात!" बेकरीवाल्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलाचा आनंद होता. "सर, आज तुम्ही ब्रेक दाबलाच नाहीत."

तेवढ्यात फोन वाजला. अठराशे बारा होती. "सर, पास! एकही चूक नाही. मी त्यांना तुमचंच सगळं शिकवलं हो, आरसा, मान, आरसा." जरा थांबून ती म्हणाली, "फक्त ब्रेक तुमच्याएवढा नाही वापरला."

"चांगलं केलंस," सर म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच नवल वाटलं, कारण ते खरंच तसं वाटून म्हणाले होते.

शाखा सोमवारी उघडणार होती. रविवारी सकाळी बायको म्हणाली, "कपाटं लावायचीत. गाडी घेऊन जातेय. येता का?" टेस्टनंतर मालकांनी दिलेली पांढऱ्या गाडीची किल्ली तिने खुंटीवरून काढली, आणि शेजारची खोलीची किल्लीसुद्धा काढून पर्समध्ये टाकली. सरांनी ते बघितलं. विचारलं नाही.

पांढऱ्या गाडीत शेजारच्या सीटपुढे नुसतं रबरी पायपुसणं होतं. सव्वीस वर्षांत सर पहिल्यांदाच अशा सीटवर बसत होते जिथे दाबायला काहीच नव्हतं. त्यांनी बेल्ट लावला. चपला काढल्या. आणि सीट मागे सरकवून, त्या एवढ्याशा जागेत, कण्हत कुंथत मांडी घातली.

"सुखरूप बसलात?" बायकोने विचारलं.

"हो. चल."

हायवेवर ट्रक होते. भरपूर होते. एक ट्रक शेजारून गेला तेव्हा सरांचे डोळे बंद झाले, मग त्यांनी ते जबरदस्तीने उघडले आणि बायकोकडे बघितलं. आरसा, मान, आरसा. ती गुणगुणत होती. ती गाते हे ते विसरूनच गेले होते.

गावात शिरताना चढ लागला, वर सिग्नल. लाल होता तो हिरवा झाला, बायकोने क्लच सोडला, गाडी आचका देऊन बंद पडली आणि हातभर मागे सरकली. मागून भोंगे सुरू झाले. सरांच्या मांडीखालचा उजवा पाय जिवाच्या आकांताने धडपडला. त्यावर डावा पाय होता, डाव्यावर दोन्ही हात. जीभ दाताखाली. बायकोने हँडब्रेक ओढला, गाडी चालू केली, पुन्हा बंद पडली. भोंगे वाढले.

"अहो," ती पुढे बघतच म्हणाली. "विचारतेय मी. काय चुकतंय?"

"क्लच अर्ध्यावर येऊ दे. इंजिनाचा आवाज जड झाला की मग हँडब्रेक सोड." एवढंच सांगून ते गप्प झाले.

गाडी वर चढली, सिग्नल ओलांडून गेली. मागचा भोंगेवाला शेजारून जाताना हात नाचवत काहीतरी ओरडला. बायकोने खिडकीतून त्याला गोड हसून दाखवलं.

शाखेच्या दारात गाडी थांबली. काचेवर अजून कागद चिकटवलेले होते. बायकोने पर्स उघडली, आधी एक घडी घातलेलं पिवळं कार्ड काढून सरांच्या मांडीवर ठेवलं, मग खोलीची किल्ली हातात घेतली.

"उतरा ना."

"येतच नाही उतरता," सर म्हणाले. "दोन्ही पायांना मुंग्या आल्यात. कमरेखाली मी आहे की नाही तेच कळत नाहीये."

"मग बसा असेच. मालक आलेत आत, मी त्यांना किल्ली देऊन येते."

"कसली किल्ली?"

"वरच्या खोलीची. नको म्हणून सांगते." ती उतरली, दार लावलं आणि पुन्हा खिडकीत वाकली. "पण रोज सात वाजतील यायला. स्वयंपाक तुम्ही बघायचा. आणि मला उशीर झाला तर दर पाच मिनिटांनी फोन नाही करायचा."

"दर दहा?"

"अहो!"

"बरं, बरं. एकदाच."

ती आत गेली. सरांनी कार्ड उघडलं. नंबराच्या जागी लिहिलं होतं, एक. खाली एकच रकाना होता, ऐकणं, आणि त्यापुढे तारखा. पहिल्या सगळ्या तारखांपुढे फुल्या होत्या. मांडीच्या शोधाच्या तारखेपुढे पहिली बरोबरची खूण होती, मग पुन्हा दोन फुल्या, मग एक खूण, मग आणखी एक. आजची तारीख लिहिलेली होती, पुढची जागा कोरी.

दुकानातून बायकोचा हसण्याचा आवाज आला. सरांनी पाय सोडवायला म्हणून एक गुडघा हाताने उचलला, तसा झिणझिण्यांचा असा लोट आला की ते मोठ्याने ओरडले. मालक, बायको आणि रस्त्यावरची दोन माणसं धावत आली.

"काय झालं?"

"काही नाही," डोळ्यांत पाणी आणून हसत हळूसर म्हणाले. "उजवा पाय जागा होतोय. होऊ दे सावकाश, घाई नाही."